तेरड्याचा रंग तीन दिवस, परागकणाचं कवच मात्र लाखो वर्षं!

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'परागकोशात परागकण तयार होतात' हे वाक्य मुलं पाठ करतात आणि परागकण म्हणजे नुसती पिवळी पावडर, असं समजून पुढे जातात. खरं तर त्या प्रत्येक कणात जिवंत पेशी असते. फुलाबाहेर पडल्यावर ती वाळू नये, उन्हाने बिघडू नये म्हणून तिला पक्कं कवच लागतं. ते कसं बनतं, हे आपल्या ओळखीच्या तेरड्यावरून पाहू या.

कळी लहान असतानाच परागकोशातल्या मातृपेशींचं अर्धसूत्री विभाजन होतं. एकीच्या चार पेशी होतात. सुरुवातीला या चौघी कॅलोज नावाच्या पदार्थाच्या वेष्टनात एकत्र असतात. त्या वेष्टनाआडच प्रत्येकीवर कवचाच्या नक्षीचा आराखडा पडतो. मग कॅलोज विरघळतं आणि चौघी सुट्या होतात.

पुढचं काम परागकोशाच्या आतल्या अस्तराचं, म्हणजे पोषकस्तराचं. तो कणांना अन्न पुरवतो आणि स्पोरोपोलेनिनचा कच्चा मालही देतो. हे स्पोरोपोलेनिन आराखड्यावर चढत जातं आणि बाहेरचं टणक कवच तयार होतं. आतलं पातळ कवच कण स्वतः बनवतो, सेल्युलोज आणि पेक्टिनचं. काम झालं की पोषकस्तर विरून जातो. पण त्याचं काम मध्येच बिघडलं, तर परागकण वांझ निघतात. फूल दिसायला छान, पण त्याच्या परागकणांनी बी धरत नाही.

स्पोरोपोलेनिन सहजासहजी कुजत नाही, तीव्र आम्लांनाही दाद देत नाही. म्हणूनच जुन्या गाळात आणि खडकांत लाखो वर्षांपूर्वीचे परागकण सापडतात. त्यांच्या नक्षीवरून तेव्हा तिथे कोणत्या वनस्पती होत्या, हे कळतं.

मग मुलं विचारतीलच, "कवच एवढं पक्कं, तर परागनलिका बाहेर येते कुठून?" कवचात ठरावीक जागी हा थर अगदी पातळ असतो किंवा नसतोच. तेरड्याच्या परागकणाला अशा चार खाचा असतात. त्यातूनच नलिका बाहेर पडते.

करून बघा: 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम साखर विरघळवा. त्याचा एक थेंब काचपट्टीवर घ्या आणि नुकत्याच उमललेल्या तेरड्याचे परागकण त्यावर झटका. 10 ते 20 मिनिटांनी सूक्ष्मदर्शकातून पाहा. साधं पाणी वापरू नका. त्यात कण पाणी शोषून फुगतात आणि फुटू शकतात. मुलांना दिसेल ते आधी वहीत काढू द्या. व्याख्या त्यानंतर सांगा.