मऊ तेवढं सगळंच बरं नसतं!

आमचं आंधळगाव कोशासाठी ओळखलं जातं. ऐन नि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा हा कोसा. त्याच्या साड्या विणणाऱ्यांपैकीच आमचंही घर. सासूबाई अजून मागावर बसतात. अशा घरात मागच्या दिवाळीला नागपूरहून दीर आले ते एक खोकं घेऊन. आत दोन गिनीपिग! "वहिनी, पोरीसाठी आणले हो." माझ्या कपाळाला आठ्याच पडल्या. आधीच घरात कामाचा रगाडा, त्यात ही नवी भर. लेकीनं मात्र लगेच नावं ठेवली, चिंगी आणि ढोली. दोघीही माद्या, एवढं तरी दिरांनी बघून आणलं होतं!

पिंजऱ्यात खाली काय घालायचं, हा पहिला प्रश्न. मी आरामशिनीवरून पोतंभर भुसा आणला. फुकटात काम झालं म्हणून खूश होते. चार दिवसांत चिंगी शिंकायला लागली. ढोलीच्या डोळ्यांतून पाणी. भुसा बारीक, तो उडून त्यांच्या नाकात जायचा. मग धानाचं तूस घालून पाहिलं, तर तेही टोचरं आणि धुळीचं.

तेव्हा मला 'आयडिया' सुचली. मागाखाली तुटक्या धाग्यांचा गुंता पडलेला असतो. मऊ, स्वच्छ, घरचाच. तो पसरून दिला. दोघी त्यात शिरून बसल्या, आणि मी स्वतःवरच खूश!

तिसऱ्या दिवशी शाळेतून आलेली लेक किंचाळली. चिंगीचा मागचा पाय सुजून लालनिळा झाला होता. केसांत काही दिसत नव्हतं. सासूबाईंनी चष्मा लावला, बोटानं चाचपलं आणि मागावरची बारीक कात्री मागितली. पायाला धाग्याचा वेढा बसला होता, मांसात रुतलेला. त्यांनी तो अलगद कापला. "काहून वं, धागा मऊ असला म्हनून का झालं? साडी धरून ठेवते तो, पाय नाही धरनार?"

लेक मात्र माझ्याकडे बघत होती. "आई, तुला त्या नकोच होत्या ना? म्हणून केलंस?" मैत्रिणींनो, तो प्रश्न मला आजही आठवतो. मी मुद्दाम केलं नव्हतं. पण नको असलेल्या पाहुण्याला आपण हाताशी येईल ते देतो, तसंच मी केलं होतं, हे खरं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं भंडाऱ्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. पाय वाचला. घरात उरलेलं माणसांचं औषध देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. आपण सर्रास घेतो ती पेनिसिलिनच्या जातीची औषधं या प्राण्यांच्या जिवावर बेततात. त्यांनी सांगितलेल्या आणि आम्ही अनुभवातून शिकलेल्या गोष्टी तुमच्यासाठी:

* बारीक भुसा, तूस, कापूस आणि सुटे धागे टाळा. देवदार किंवा चीड यांसारख्या उग्र वासाच्या लाकडाच्या ढलप्याही नकोत. त्या वासानं श्वासाला त्रास होतो.

* खाली जाळी नको. पाय सोलवटून तळव्याला जखमा होतात. तळ सपाट हवा.

* सोपा उपाय असा : तळाशी वर्तमानपत्राचे चार-पाच थर, त्यावर जुन्या सुती चादरीची जाड घडी. कडा दुमडून शिवलेल्या हव्यात. दशा, भोकं, लोंबणारे धागे आधी कापून टाका. कापड कुरतडलेलं दिसलं की लगेच बदला.

* ओली जागा रोज साफ करा, कापड तीन-चार दिवसांनी बदला. मुताचा उग्र वास फुफ्फुसांना वाईट. पिंजऱ्याजवळ खाली वाकून वास घ्या. आपल्याला झोंबला, तर त्यांना किती झोंबत असेल! कापड गरम पाण्यात, साध्या साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा. फिनेल नको.

* एका कोपऱ्यात कोरडं, मऊ गवत भरपूर ठेवा. ते अंथरूण नव्हे, त्यांचं मुख्य जेवण आहे. बुरशीचा वास आला तर फेकून द्या. धानाची तणस टोचरी असते, डोळ्याला लागू शकते. माणसासारखंच त्यांच्याही शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून रोज थोडी ढोबळी मिरची किंवा कोथिंबीर द्या.

* हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या थंड डोंगराळ भागातला. आपल्या विदर्भातला उन्हाळा त्याला सोसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पिंजरा घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीवर ठेवा आणि कापडाचा एकच थर घाला.

चिंगी आता पळते. पायावर केस थोडे विरळ आहेत, एवढंच. सासूबाईंनी स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या चार घड्या शिवून दिल्या आहेत. दोन वापरात, दोन धुण्यात. रविवारी लेक आणि मी मिळून पिंजरा साफ करतो. परवा नवी घडी घालण्याआधी तिनं ती उजेडात धरली, सगळ्या कडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आई, एक धागा निघालाय. कात्री दे." मी कात्री दिली. त्या दिवशीचा प्रश्न तिनं पुन्हा कधी विचारला नाही.