वारली चित्रकलेचे शिक्षण

वारली चित्रकलेचे शिक्षण पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी व लगतच्या भागांत परंपरेने शाळेत नव्हे, तर घराच्या भिंतीसमोर होत आले आहे. थोरांचे काम पाहणे, स्वतः हात चालवणे आणि जाणत्यांकडून चूक दाखवून घेणे हा त्याचा गाभा होय. डहाणू तालुक्यातील गंजाड हे गाव चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्यामुळे या कलेचे प्रमुख केंद्र म्हणून ओळखले जाते.

भिंतीवरील सराव

कुडाच्या भिंतीला शेणमातीने सारवून त्यावर गेरूचा हात दिला जातो. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग, बांबूची टोकाशी ठेचलेली काडी आणि ही भिंत, एवढेच साहित्य. आकारही मोजके आहेत : वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेषा. दोन त्रिकोण टोकाशी जोडले की माणसाचे धड होते. ते काढणे सोपे वाटते. परंतु त्या धडाला चालण्याचा, वाकण्याचा किंवा नाचण्याचा तोल देणे कठीण असते. त्रिकोणांचा कल आणि हातापायांच्या रेषांची दिशा जरा चुकली, तरी आकृती निर्जीव दिसते. तांदळाचा रंग ओला असताना फिका असतो, वाळल्यावर उजळतो. त्यामुळे रेषेची जाडी आणि रंगाचा दाटपणा यांचा अंदाज हातालाच बसावा लागतो. खोडरबराची येथे सोय नाही.

लग्नप्रसंगी काढला जाणारा चौक हा या शिक्षणाचा मुख्य प्रसंग. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. चौक काढण्याचा मान सवाशिणींचा असून, चौकाशिवाय लग्नविधी पुरा होत नाही. साहजिकच चुकीची दुरुस्ती ही येथे केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही. चौक नीट उतरला की नाही, हे लग्नघरातील जाणत्या स्त्रिया जागीच सांगतात. मुली त्यांच्या हाताखाली शिकतात. चित्र टिकवण्यासाठी काढलेले नसते. भिंत पुन्हा सारवली की ते जाते आणि पुढच्या लग्नात हात पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागतो.

जिव्या सोमा म्हसे

म्हसे यांचा जन्म तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे झाला. लहानपणी आई वारल्यावर त्यांचे बोलणे थांबले आणि ते धुळीत चित्रे काढून मनातले सांगू लागले, असे त्यांच्या चरित्रात नमूद केले जाते. १९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या भागातील चित्रकारांना कागद व रंग पुरवले. तोवर स्त्रियांच्या मानलेल्या या कलेत म्हसे पुरुष असूनही पुढे आले. त्यांचे वेगळेपण विषयापेक्षा सातत्यात अधिक होते. लग्नप्रसंगापुरते चित्र न काढता ते रोज काढू लागले. तारपा नृत्याचे वेटोळे, शेतीची कामे, मासेमारीचे जाळे हे विषय त्यांनी पुनःपुन्हा हाताळले. संपूर्ण पृष्ठभाग व्यापणाऱ्या जाळ्याच्या बारीक रेषांतील सफाई नित्याच्या सरावावाचून शक्य नाही. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे पुत्र सदाशिव व बाळू हेही याच कलेकडे वळले.

परीक्षक बदलल्यानंतर

कागदामुळे चित्र टिकू लागले. जुने आणि नवे शेजारी ठेवून आपली प्रगती स्वतः तपासणे चित्रकाराला प्रथमच शक्य झाले. दुसरीकडे, दाद देणारे बदलले. लग्नघरातील सवाशिणींच्या जागी कलादालन, ग्राहक आणि प्रदर्शनाचे आयोजक आले. चौकातील कोणती खूण गाळली गेली, हे त्यांना कळण्याचे कारण नाही. त्यांची पसंती बहुधा नक्षीच्या नीटसपणाला आणि ओळखीच्या तारपा नृत्याला मिळते. मागणीनुसार तेच दृश्य शेकडो वेळा काढल्याने हात सफाईदार होतो, मात्र डोळ्याचे निरीक्षण वाढेलच असे नाही. म्हसे यांनीही विषयांची पुनरावृत्ती केली. पण प्रत्येक वेळी मांडणी बदलली.

शाळांतून ही शैली आता भेटकार्डांवर, मडक्यांवर गिरवली जाते. तेथे तयार नमुना उतरवण्यावर भर असतो. गंजाडच्या परंपरेत मात्र नमुना म्हणजे शेत, खळे आणि नाचणारी माणसे. विद्यार्थ्याने आधी त्यांच्याकडे पाहायचे असते आणि काढलेले चित्र ते शेत कसणाऱ्याला दाखवायचे असते.