जुन्या मोटारीतील मंदावलेला गारवा

लखनौच्या तेलीबागेतून, मे महिन्यातील ४० अंशांपुढच्या उन्हात, वृद्ध रुग्णाला संजय गांधी पीजीआयकडे नेणाऱ्या जुन्या मोटारीचा वातानुकूलक वाहतूक-कोंडीतच हात टेकतो. सर्वसाधारण समज असा, की ‘गॅस संपला’. वस्तुतः गॅस बंदिस्त नळ्यांतून फिरत राहतो. तो घटला म्हणजे बहुधा गळती आहे. ती न शोधता केलेली भरणी म्हणजे फुटक्या घागरीत पाणी! पावतीवर गळती-तपासणीची नोंद अवश्य मागावी.

मात्र गाडी धावताना गारवा आणि थांबताच उष्ण झोत, असे घडत असल्यास प्रथम कंडेन्सरचा पंखा तपासावा. तो फिरत असेल, तर जाळीतील धूळ हलक्या धारेने धुवावी. झोतच मंद असल्यास केबिन फिल्टर पाहावा. हा खर्च किरकोळ.

आर-१२ वायूवरील अतिजुन्या गाडीत आर-१३४ए नुसता भरून भागत नाही. कॉम्प्रेसरचे तेलही बदलावे लागते.