न दाबलेली कळ

इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘धाराशिव’ लिहायला सात कळा लागतात. शिफ्ट धरून ओ दाबला की ध, ई दाबली की काना, जे म्हणजे र, पुन्हा ई, शिफ्टसह एम म्हणजे श, एफवर वेलांटी आणि बीवर व. भाषा इंग्रजीवर ठेवून याच कळा दाबल्या, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते.

२०२३मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. तेव्हापासून हे नाव जिल्ह्याच्या कागदपत्रांत रोज लिहिले जाते. ते माणसानेच लिहावे असे नाही. अर्जांत ठरावीक मजकूर भरणारा, बोललेले शब्द टाइप करणारा किंवा पडद्यावर कळफलक दाखवणारा प्रोग्रामही ते लिहितो. कळ दाबली गेल्याची वर्दी तो स्वतःच संगणकाला देतो. गोंधळ होतो तो इथेच, कारण कळफलक अक्षर कळवत नाही, फक्त कळेचा क्रमांक कळवतो. अक्षर ठरवते ती निवडलेली मांडणी.

मराठीत अशा मांडण्या निदान तीन आहेत. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये आणलेली इन्स्क्रिप्ट, टंकलेखन यंत्रावरून आलेली रेमिंग्टन आणि रोमन अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे लिहिण्याची फोनेटिक. रेमिंग्टनवर ‘शि’ लिहिताना वेलांटी आधी येते. युनिकोडमध्ये मात्र श (क्रमांक २३५८) आधी आणि वेलांटी (२३६७) नंतर साठवावी लागते. म्हणून प्रोग्राम वेलांटी रोखून धरतो आणि श आल्यावर तिला त्याच्यामागे बसवतो. फोनेटिकमध्ये ‘के’ दाबल्यावर पायमोडका क् उमटतो. पुढे ‘ए’ आला की तो पाय काढायला काही प्रोग्राम बॅकस्पेसही स्वतःच दाबल्यासारखे करतात.

यावर खात्रीचा उपाय आहे: मजकूर लिहायचा असेल तर कळेऐवजी थेट अक्षर पाठवावे. विंडोजच्या ‘सेंडइनपुट’ या फंक्शनला युनिकोड क्रमांक दिला की निवडलेली मांडणी आड येत नाही. लिनक्सच्या एक्स-११ प्रणालीवर ‘एक्सडूटूल’ हे साधन मांडणीत नसलेले अक्षर एखाद्या रिकाम्या कळेला तात्पुरते जोडते. कंट्रोल-सीसारख्या आज्ञांना मात्र अक्षर चालत नाही, तिथे कळच पाठवावी लागते. चांगला प्रोग्रामर मजकूर आणि आज्ञा यांच्या वाटा वेगळ्या ठेवतो.

सरकारी लिपिक-टंकलेखकाला मराठी टंकलेखनासाठी मिनिटाला ३० शब्दांचा वेग सिद्ध करावा लागतो. त्याच्या टेबलावर येणारा प्रोग्रामही तिन्ही मांडण्यांवर ‘धाराशिव’ अचूक लिहून दाखवल्याशिवाय स्वीकारू नये.