सहा नरांचं राज्य : साबी सँडच्या मापोगो सिंहांचा मागोवा

२००६ ते २०१२ या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँड अभयारण्यात सहा नर सिंहांनी एक राज्य उभं केलं आणि गमावलं. 'मापोगो' या नावाने ते जगभर गाजले. त्यांच्यावर माहितीपट निघाले आणि त्यांच्या क्रौर्याच्या कथा अजूनही मोठ्या चवीने सांगितल्या जातात. या कथांच्या गदारोळात मूळ हिशेब मात्र झाकला गेला. नर सिंहाचं राज्य त्याच्या बाजूने किती साथीदार उभे आहेत, यावर टिकतं. मापोगोंनी मुलूख मिळवला तो सहा जण एकत्र असताना, आणि तो जाऊ लागला ते वेगळे झाल्यावर. त्या काळाकडे या दृष्टीने पाहिलं, तर नरांची टोळी म्हणजे काय आणि तिला जमीन किती लागते, हे नीट कळतं.

साबी सँड हे म्पुमलांगा प्रांतात, क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम सीमेला लागून आहे. मालामाला, लोंडोलोझी, सिंगिता अशा अनेक जमिनी मिळून साधारण ६५ हजार हेक्टरचं हे रान झालं आहे. १९९३ मध्ये क्रूगर आणि साबी सँड यांच्यामधलं कुंपण काढलं गेलं आणि सिंहांना सुमारे वीस हजार चौरस किलोमीटरचा क्रूगर मोकळा झाला. इथे रोज सकाळ-संध्याकाळ उघड्या गाड्या रानात जातात. मार्गदर्शक आणि माग काढणारे स्थानिक लोक प्रत्येक सिंहाला मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांवरून, जखमांच्या व्रणांवरून, आयाळीवरून ओळखतात. त्यामुळे जंगली प्राण्याचं बछडेपणापासून म्हातारपणापर्यंतचं चरित्र इथे नोंदवलं जातं. मापोगोंची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे ती या नोंदींमुळे.

नर बछडा साधारण दोन-तीन वर्षांचा झाला की कळपातून बाहेर काढला जातो. त्यानंतरची एक-दोन वर्षं तो दुसऱ्यांच्या हद्दीत चोरून वावरतो, मिळेल ते खातो आणि मोठ्या नरांची गर्जना ऐकली की वाट बदलतो. एकट्याने हा काळ काढणं फार कठीण असतं. म्हणून एका कळपात वाढलेले सख्खे-चुलत भाऊ एकत्रच बाहेर पडतात. मापोगोंपैकी पाच जण स्पार्टा नावाच्या कळपात वाढले. सहावा, मखुलू, वयाने मोठा आणि बाहेरून येऊन मिळालेला होता. रास्ता, ड्रेडलॉक्स, प्रिटी बॉय, किंकी टेल आणि मिस्टर टी ही बाकीच्यांची नावं. डोक्यावर तुरा राखल्यासारख्या आयाळीमुळे मिस्टर टी लांबूनही ओळखू येई. त्याच्या वागण्यामुळे काही जण त्याला सैतान म्हणत. 'मापोगो' हे नाव आलं ते गुन्हेगारांना स्वतःच चोप देण्यासाठी देशात गाजलेल्या एका सुरक्षा संघटनेवरून.

२००६ मध्ये हे सहा जण पश्चिम साबी सँडमध्ये घुसले. तिथल्या नरांच्या टोळ्या लहान होत्या. सहा तरुण, भरलेल्या अंगाचे नर एकत्र चालून आल्यावर त्यांचा निभाव लागणं शक्य नव्हतं. काही नर मारले गेले, काही पळाले. बछडे मारले गेले आणि त्यांना वाचवायला उभ्या राहिलेल्या सिंहिणीही बळी पडल्या. मारलेल्या सिंहांचं मांस या टोळीने खाल्ल्याचंही पाहिलं गेलं. त्यांनी शंभरावर सिंह मारल्याचं सर्रास सांगितलं जातं. पण रानात तरस आणि गिधाडं मागे काही ठेवत नाहीत. असा आकडा प्रेतं मोजून निघत नाही, तो सांगोवांगी वाढत जातो. तो बाजूला ठेवला तरी जे घडलं ते भयंकरच होतं.

ते समजून घ्यायचं तर नराच्या हातातला वेळ पाहावा लागतो. लहान पिल्लं असलेली सिंहीण साधारण दीड-दोन वर्षं पुन्हा माजावर येत नाही. नराची सत्ता बहुधा दोन-तीन वर्षंच टिकते. आधीच्या नराची पिल्लं वाढेपर्यंत थांबला, तर त्याची स्वतःची पिल्लं पायावर उभी राहायच्या आत पुढची टोळी दारात येते. पिल्लं गेली की सिंहीण लवकर माजावर येते आणि साधारण ११० दिवसांच्या गर्भकाळानंतर नव्या नराची पिल्लं जन्मतात. म्हणून सत्ता बदलली की बछड्यांची कत्तल होते. हे मापोगोंचं वेगळेपण नव्हतं. आफ्रिकेत जिथे जिथे सिंहांचा दीर्घ अभ्यास झाला तिथे हेच दिसलं. मापोगोंच्या बाबतीत टोळी मोठी होती, एका वेळी अनेक कळपांवर तिचा ताबा आला, म्हणून संहारही मोठा झाला.

मोठ्या टोळीचा फायदा सेरेंगेटीतल्या अभ्यासाने फार आधी दाखवला होता. बायगॉट, बर्ट्राम आणि हॅनबी यांनी १९७९ मध्ये मांडलं की मोठ्या टोळ्या जास्त काळ सत्तेवर राहतात आणि टोळीतल्या प्रत्येक नराच्या वाट्याला सरासरीने जास्त पिल्लं येतात. क्रेग पॅकर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये जनुकांच्या आधारे पुढची गोष्ट दाखवली: नात्यात नसलेले नर दोघा-तिघांच्याच टोळ्या करतात, चार किंवा त्याहून मोठ्या टोळ्या आप्तांच्याच असतात. कारण मोठ्या टोळीत बाप होण्याची संधी सारखी वाटली जात नाही. काहींच्या वाट्याला पिल्लं येतच नाहीत, आणि भावाच्या पिल्लांसाठी राखण करणं त्यांना परवडतं ते रक्ताच्या नात्यामुळे. ग्रिनेल, पॅकर आणि पुसी यांनी १९९५ मध्ये परक्या नरांच्या गर्जना ध्वनिवर्धकावरून ऐकवल्या. हद्दीचे नर आवाजाच्या दिशेने चालून गेले. साथीदार नात्यातला आहे की नाही, तो काय करतो आहे, यावर त्यांचं जाणं अवलंबून नव्हतं. मापोगोंचं बळ याच वृत्तीत होतं.

पण मुलूख जसा पसरला तशी टोळी विखुरली. किंकी टेल आणि मिस्टर टी पूर्वेकडे गेले आणि त्यांनी तिथे स्वतःचे कळप धरले. चौघे पश्चिमेला राहिले. सहा जणांनी मिळवलेल्या राज्याची पूर्व सीमा आता दोघांवर आली. जून २०१० मध्ये त्या बाजूला पाच तरुण नर आले, पुढे ते माजिंगिलाने म्हणून ओळखले गेले. किंकी टेल आणि मिस्टर टी यांनी त्यांच्यातला एक गाठून मारला. पण उरलेले चौघे परतून आले. चार विरुद्ध दोन अशा झुंजीत किंकी टेल मारला गेला आणि मिस्टर टी पळाला. माजिंगिलाने शक्तीने मापोगोंपेक्षा वरचढ होते, असं यातून सिद्ध होत नाही. त्या दिवशी, त्या जागी ते दुप्पट होते, एवढंच आणि एवढंच पुरेसं ठरलं.

मिस्टर टी पश्चिमेला आपल्या जुन्या साथीदारांकडे परतला आणि त्यांच्या कळपातली पिल्लं त्याने मारली. माणसाच्या नजरेला ही भाऊबंदकीची परिसीमा वाटते. पण मधल्या काळात तो या कळपांत नव्हता. ती पिल्लं त्याची नव्हती. एकत्र राहण्यातून जे बंधन टिकतं, ते वेगळं राहून सैल झालं होतं. पुढच्या दोन वर्षांत रास्ता आणि ड्रेडलॉक्स नाहीसे झाले. २०१२ च्या सुरुवातीला मखुलू, प्रिटी बॉय आणि मिस्टर टी असे तिघेच उरले होते, आणि तिघांचंही वय उतरणीला लागलं होतं. मार्च २०१२ मध्ये सेलाटी टोळीच्या चार तरुण नरांनी मिस्टर टीला मारलं. मखुलू आणि प्रिटी बॉय हद्द सोडून निघून गेले. मखुलू २०१३ च्या सुरुवातीला शेवटचा दिसला. त्याचं वय तेव्हा पंधराच्या आसपास होतं, आणि जंगलातल्या नरासाठी एवढं आयुष्य म्हणजे फार मोठी गोष्ट.

त्यानंतरच्या वर्षांत माजिंगिलाने, मटिंबा, बर्मिंगहॅम अशा टोळ्या साबी सँडमध्ये आल्या, राज्य केलं आणि गेल्या. हे चक्र फिरत राहिलं, कारण जमीन मोकळी होती. हरलेल्याला जायला जागा होती, आणि दूर कुठे तरी वाढलेल्या तरुणांना यायला वाट होती. हिंसेने भरलेल्या या इतिहासातही सिंह टिकून राहिले.

माणूस मधे आला की हाच हिशेब बिघडतो. झिम्बाब्वेतल्या ह्वांगे उद्यानाच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओळखचिन्ह लावलेल्या प्रौढ नरांपैकी ७२ टक्के नर सीमेवरच्या शिकाऱ्यांनी मारल्याचं आढळलं. नर मारला की त्याची हद्द रिकामी पडते, आतल्या भागातले नर सीमेकडे सरकतात आणि तेही बंदुकीच्या टप्प्यात येतात. टोळीतला एक नर मारणं म्हणजे उरलेल्यांची संख्या कमी करणं. त्याची किंमत पुढे पिल्लं मोजतात. परवाना एका सिंहाचा निघतो, नुकसान एका कळपाचं होतं.

आपल्याकडे हा विषय गीरचा आहे. स्तोत्र चक्रवर्ती आणि यादवेंद्रदेव झाला यांनी गीरमधल्या नरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला. जोडीतल्या वरचढ नराला समागमाच्या ७० टक्क्यांहून अधिक संधी मिळतात, तरी दुय्यम नराला एकटं राहण्यापेक्षा जोडीत राहणं फायद्याचं ठरतं, असं त्यांना दिसलं. पर्यटकांची लाडकी जय-वीरू ही जोडी २०२५ मध्ये हद्दीच्या झुंजीतल्या जखमांनी काही आठवड्यांच्या अंतराने गेली. त्याच वर्षीच्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह मोजले गेले, २०२० मध्ये ते ६७४ होते. ही वाढ आनंदाची आहे, पण त्यातले बरेच सिंह संरक्षित क्षेत्राबाहेर, शेतांत आणि गावांच्या कडेला राहतात. हद्द गमावलेल्या नराला जायला तिथे क्रूगर नाही. तिथे रस्ते आहेत, रेल्वेमार्ग आहेत आणि उघड्या विहिरी आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये गीरचे काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोत नेण्याचा आदेश दिला. कुनोत २०२२ मध्ये आफ्रिकेतून चित्ते आले. सिंह अजून पोचलेले नाहीत. साबी सँडच्या त्या वर्षांनी शिकवलेली गोष्ट इथे उपयोगी आहे. सिंहांना दुसरं घर द्यायलाच हवं, आणि ते देताना नर सुटे उचलून चालणार नाही. एकत्र वाढलेले भाऊ एकत्रच न्यावेत, आणि त्यांना हरायला, पळायला, पुन्हा उभं राहायला पुरेल एवढं सलग रान राखावं. त्याहून कमी देऊन सिंह वाचवल्याचं समाधान आपण मानू नये.