मातीच्या भांड्यांवरची माणसे आणि मोर

उज्जैन म्हटले की महाकाल, क्षिप्रा आणि सिंहस्थ आठवतात. पण आपल्या माळव्यातील वस्ती त्याहून कितीतरी जुनी आहे. त्या लोकांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांची ओळख पटते ती मातीच्या भांड्यांवरून.

उज्जैनच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरवर, छोट्या काली सिंधच्या काठी कायथा हे गाव आहे. वराहमिहिराचे कपित्थक ते हेच, असे मानतात. आपल्या उज्जैनचे पद्मश्री डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९६४ मध्ये येथील पांढरीचे महत्त्व ओळखले आणि पुढे विक्रम विश्वविद्यालयातर्फे उत्खनन केले. तळाच्या थरात चार हजार वर्षांहून जुनी भांडी सापडली. त्यांतील काहींवर तपकिरी लेपावर जांभळट नक्षी होती. वरच्या थरांत माळवा संस्कृतीची भांडी मिळाली.

ही संस्कृती साधारण इ.स.पू. १७०० ते १४०० या काळातील. महेश्वरसमोर नर्मदेपलीकडील नावडाटोली येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात केलेल्या उत्खननात तिची भांडी विपुल मिळाली. पिवळसर-तांबूस लेपावर काळ्या किंवा गडद तपकिरी रेषा असतात. बहुतेक नक्षी त्रिकोण, चौकटी व जाळीची आहे. मात्र काही भांड्यांवर हरणे आहेत, मोर आहेत आणि हातात हात धरून नाचणारी माणसेही आहेत.

रंग टिकला कसा? चित्र आधी काढून भांडे नंतर भाजत असत. खनिज रंग मातीबरोबरच पक्का होई.

आपल्या दृष्टीने आणखी एक गंमत आहे. शिंदेशाहीत मराठी घराणी दक्षिणेतून माळव्यात आली. पण ही भांडी घडवणारी संस्कृती त्याच्या तीन हजार वर्षे आधी माळव्यातून महाराष्ट्रात, दायमाबाद व इनामगावपर्यंत पोहोचली होती!

जुन्या टेकाडांवर आजही खापरे सापडतात. ती खिशात घालून घरी आणू नयेत. खापर कोणत्या थरात व कशाजवळ होते, यावरूनच त्याचा काळ ठरतो. जागेवरून हलले की ती माहिती कायमची जाते. शेतात किंवा पायाच्या खोदकामात नक्षीचे खापर दिसल्यास जागा लक्षात ठेवावी आणि पुरातत्त्व विभागास कळवावे. पालकांनी व विश्वस्तांनी मुलांना एकदा संग्रहालयात अवश्य न्यावे, अशी आमची विनंती आहे.