ऊसतोड कामगारांच्या मुलांचे बालपण

ऊसतोडणीसाठी दरवर्षी घर सोडणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे बालपण गाव आणि उसाचा फड या दोन ठिकाणी विभागलेले असते. बीड जिल्ह्यातील बालाघाट डोंगररांगांच्या परिसरात शेती बहुतांशी कोरडवाहू असल्याने पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, केज इत्यादी तालुक्यांतून असे स्थलांतर मोठ्या प्रमाणावर होते. ही कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये परततात.

तुलना

पालकांच्या कामामुळे फिरत्या राहिलेल्या बालपणाविषयीचे लेखन मुख्यतः राजनैतिक अधिकारी, मिशनरी व लष्करी कुटुंबांतील मुलांवर झाले आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी १९५०च्या दशकात भारतातील अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना ‘तिसरी संस्कृती’ ही संकल्पना पुढे आणली. अशा मुलांची ओळख लवकर होते, परंतु वारंवारच्या निरोपांमुळे प्रौढपणी जवळीक टिकवणे काहींना जड जाते, असे या लेखनात मांडलेले आढळते. ऊसतोड कुटुंबांतील मुले मात्र दरवर्षी त्याच गावी परततात. त्यांची मैत्री संपत नाही, खंडित होत राहते. राजनैतिक कुटुंबातील मुलाला नव्या ठिकाणी नवी शाळा मिळते. फडावरच्या मुलाला बहुधा ती मिळत नाही, आणि हा फरक सर्वांत मोठा आहे.

कौटुंबिक नाती

आई-वडील पहाटेच फडात जातात. मागे पाचटाच्या कोपीवर धाकट्या भावंडांना थोरली बहीण सांभाळते, म्हणजे स्वतः शाळेच्या वयात असताना ती आईची जागा घेते. गावी ठेवलेली मुले आजी-आजोबांजवळ वाढतात. घरात आजी नसेल, तर मुलाला बरोबर नेण्यावाचून पर्याय उरत नाही.

विवाह

ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे केवळ अवजार नव्हे. पती-पत्नीच्या जोडीलाही कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती या जोडीच्या हिशेबाने. साहजिकच मुलाचे लग्न म्हणजे घरात नवा कोयता ठरतो. वयात आलेल्या मुलीला गावी एकटे ठेवण्याची भीतीही पालकांना असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. याचे खापर केवळ रूढीवर फोडणे अपुरे आहे. अशा दांपत्याचा सहवास कामाच्या भागीदारीने आणि सामाईक कर्जाने सुरू होतो. उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर जाते.

शैक्षणिक उपाय

कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या गेल्या. पुढे मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे सुरू झाली. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना मंजूर केली. वसतिगृहामुळे हजेरीपटावरचे नाव टिकते, परंतु पालकांपासूनचा पाच-सहा महिन्यांचा दुरावा त्यातही कायम राहतो.